पीएच.डी.च्या अर्जाबरोबरची आठ पाने

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर आवारात चहा घेत उभा होतो. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “सर, ती रायगडची मुलगी एम.ए. झाली ना? मग आता पुन्हा फॉर्म कसला भरतेय? चार महिने झाले, नुसतं काहीतरी लिहितेय आणि खोडतेय म्हणे. नोकरीचं कधी बघणार?”

विचारण्यात खोच नव्हती. हे बंधू गेली कित्येक वर्षे वसतिगृहासाठी न चुकता देणगी देतात, त्यामुळे त्यांना विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मी उभ्याउभ्या जे उत्तर दिले ते माझे मलाच पटले नाही. आपल्यापैकी आणखी काही जणांच्या मनात हाच प्रश्न असेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुलीच्या संमतीने लिहितो आहे. तिचे नाव आणि गाव तेवढे तिच्याच सांगण्यावरून गाळले आहे.

मुलगी कातकरी समाजातली. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या शेकडा एकसुद्धा नाही, त्यामुळे आपल्याकडे आदिवासींची ओळख बहुधा वर्तमानपत्रातून किंवा आपल्या या अंकातूनच होते. राज्यात मात्र २०११ च्या जनगणनेप्रमाणे हा आकडा १ कोटी ५ लाखांच्या घरात आहे. त्यांतल्या तीन जमाती सरकारने आदिम जमाती म्हणून वेगळ्या नोंदल्या आहेत : कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. खैराच्या झाडापासून काथ काढणारे ते काथोडी किंवा कातकरी. जंगल गेले तसा काथाचा धंदाही गेला, आणि रायगड-ठाण्याकडची बरीच कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. पावसाच्या तोंडावर ती परत वाडीवर येतात. अशा घरातून आलेली ही मुलगी कोल्हापुरात राहून समाजशास्त्रात एम.ए. झाली आणि आता पीएच.डी.साठी अर्ज करते आहे. ती जे लिहिते आणि खोडते आहे, त्याला संशोधन आराखडा म्हणतात. जुने प्राध्यापक रूपरेषा म्हणायचे, मुले सरळ सिनॉप्सिस म्हणतात. पाने साधारण पाच ते दहा. तिची आठ झाली आहेत.

आता या आठ पानांना चार महिने का लागतात?

आधी नियम थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सध्याचे पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमाती व इतर काही गटांना ५ टक्क्यांची सवलत आहे. त्यानंतर प्रवेश परीक्षा. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुणही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी धरले जातात. ज्यांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळते, त्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. बाकीच्यांच्या बाबतीत लेखी परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असते. मुलाखतीत समोरच्या प्राध्यापकांच्या हातात आराखडा असतो आणि त्यांना तीन गोष्टी पाहायच्या असतात. हे काम या उमेदवाराला झेपेल का? आपल्या विभागात ते होऊ शकेल का? आणि झाले तर त्यातून काही नवे कळेल का?

जागाही मोजक्याच असतात. एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठपेक्षा जास्त, सहयोगी प्राध्यापकाकडे सहापेक्षा जास्त आणि सहायक प्राध्यापकाकडे चारपेक्षा जास्त पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकत नाहीत. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षेही उरलेली नाहीत, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे गुण चांगले असूनही मार्गदर्शक न मिळाल्याने घरी बसलेली मुले मी पाहिली आहेत. जो प्राध्यापक आपल्या मोजक्या जागांपैकी एक पुढची तीन ते सहा वर्षे एखाद्याला देणार, तो आधी त्याची आठ पाने वाचणार, हे ओघाने आलेच.

या पानांशी माझीही एक जुनी गाठ आहे. तिशीत असताना मी एका विद्यापीठात (कोणते ते राहू द्या) पीएच.डी.साठी आराखडा दिला होता. विषय होता ‘महाराष्ट्रातील आदिवासींचे जीवन आणि समस्या’. चांगली चोवीस पाने, टंकलेखकाकडून दोनदा टंकलिखित करून घेतलेली. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला : “यातलं तुम्हाला काय माहीत नाही?” मला प्रश्नच कळला नाही. मी समस्यांची यादी पुन्हा म्हणून दाखवली. आराखडा नापसंत झाला आणि मी बरीच वर्षे त्या गृहस्थांवर राग धरून होतो. आता वाटते, एवढा नेमका प्रश्न मला नंतर कोणी विचारला नाही.

आपल्या मुलांचे आराखडे बहुतेक वेळा इथेच अडतात. मुलांनी पाहिलेले असते खूप. कुपोषण, उचल, मुकादम, दाखल्यांसाठीचे हेलपाटे, आश्रमशाळा. ते सगळे त्यांना सांगायचे असते, आणि पहिल्या मसुद्यात ते सगळे येते. वाचताना गळा दाटून येतो, पण त्यात प्रश्न नसतो. दुःखाचे वर्णन आपल्या या अंकात छापता येते, देणगीच्या आवाहनात घालता येते; विद्यापीठ मात्र विचारते की यातले काय अजून कोणाला ठाऊक नाही आणि ते तू कसे शोधून काढणार.

या मुलीचे पहिले शीर्षक होते ‘कातकरी समाजाचा समाजशास्त्रीय अभ्यास’. मी म्हटले, बाई गं, जनगणनेत तुमचा समाज पावणेतीन लाखांच्या वर आहे. सगळ्यांचा अभ्यास तू एकटी करणार? दुसरे शीर्षक आले, ‘रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाच्या शैक्षणिक समस्या’. जिल्हा आला, शिक्षण आले, पण ‘समस्या’ हा शब्द एखाद्या गोणीसारखा असतो, त्यात काहीही भरता येते. तिसरे शीर्षक : ‘वीटभट्टीवरील हंगामी स्थलांतर आणि कातकरी मुलांची शालेय हजेरी’. हे बरे होते, आणि मी जवळपास होकार दिला होता. पण याचे उत्तर साधारण सगळ्यांना ठाऊकच आहे. कुटुंब भट्टीवर गेले की मुलाची शाळा बुडते. हे सिद्ध करायला तीन वर्षे कशाला घालवायची?

मग एका संध्याकाळी ती सहज बोलून गेली. तिच्या घरी ती आणि धाकटा भाऊ. आईवडील भट्टीवर जाताना तिला आजीजवळ वाडीवर ठेवायचे आणि भावाला बरोबर न्यायचे. ती शाळेत टिकली. भाऊ चौथीनंतर गेला नाही, आज तो विटा पाडतो. मी विचारले, असे का? तुला का ठेवले आणि त्याला का नेले? ती गप्प झाली. मग म्हणाली, “मला वाटायचं तो लहान होता म्हणून. पण शेजारच्या घरात उलटं होतं. थोरला मागे राहायचा आणि पोरगी जायची, लहान बाळाला सांभाळायला.”

एकाच घरातले एक पोर मागे राहते आणि दुसरे भट्टीवर जाते, हे कोण ठरवते आणि कशावरून ठरवते? आजी हिंडतीफिरती आहे का, यावर ठरते? मुलगा की मुलगी यावर? मुकादमाने दिलेली उचल किती हातांच्या हिशेबाने दिली आहे, त्यावर? की शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन चार शब्द सांगितले, त्यावर? हा प्रश्न तिला आयुष्यभर माहीत होता. तो ‘संशोधनाचा’ असू शकतो हे तिला कोणी सांगितले नव्हते. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला तो सुचायला दोन हंगाम भट्टीवर काढावे लागले असते.

चौथे शीर्षक त्यातून आले : ‘हंगामी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांतील मुलांना वाडीवर ठेवण्याचा किंवा भट्टीवर नेण्याचा निर्णय : रायगड जिल्ह्यातील एका तालुक्याचा अभ्यास’. जरा लांबलचक आहे खरे. पण त्यात कोण, काय, कुठे हे तिन्ही आहे, आणि वाचणाऱ्याला हे काम संपू शकेल असा भरवसा येतो.

शीर्षकापाशी चार महिन्यांतले दोन महिने गेले. पुढचा एक महिना वाचनात गेला. आराखड्यात ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ नावाचा भाग असतो. बरीच मुले तिथे वीस पुस्तकांची नावे एकाखाली एक लिहितात, आणि प्रत्येकाखाली दोन ओळी : अमुक लेखकाने अमुक वर्षी असे म्हटले आहे. तो आढावा होत नाही. आधीचे लोक कुठवर पोचले आणि आपण कुठून पुढे निघणार, हे त्यात दिसायला हवे.

सुदैवाने आता घरबसल्या पुष्कळ सापडते. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर ठेवले जातात. आणि मंजूर झालेले आराखडे ‘शोधगंगोत्री’ या वेगळ्या संकेतस्थळावर. दोन्ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची, दोन्ही फुकट. आपल्या विषयातले आठ-दहा मंजूर आराखडे वाचले की आराखडा कसा असतो आणि कसा नसावा, दोन्ही कळते. (मंजूर झालेले सगळेच चांगले असतात असे नाही, हेही कळते.) शोधताना एक अडचण येते. आपल्याकडच्या जमातींची नावे निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिली जातात. सरकारी यादीत कातकरी, काथोडी, सोन कातकरी, ढोर काथोडी अशी रूपे आहेत. एकाच नावाने शोधले तर निम्मे साहित्य हाती लागत नाही. शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र आहेच, आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात एक आठवडा बसले तर महिन्याचे काम होते. ही संस्था आणि आपले विद्यापीठ, दोन्ही १९६२ सालची.

तिने वाचले त्यात १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर आहे. रायगडचे तेव्हाचे नाव कुलाबा. त्यात कातकऱ्यांचे वर्णन आहे, आणि आपल्या आजोबा-पणजोबांबद्दल साहेबाने काय लिहून ठेवले ते वाचून ती दोन दिवस घुश्शात होती. मग १९३४ सालचे वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे पुस्तक. मग २०१३ मध्ये आलेले बकल्स आणि खेडकर यांचे पुस्तक, ज्यात कातकरी वाड्यांखालची जमीन आणि तिथून हुसकावले जाण्याचा धोका हा विषय आहे. शिक्षणाच्या बाजूने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे कोसबाडचे काम. तिथल्या वारली मुलांना गुरे राखायची असल्याने शाळेत येता येत नव्हते, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली आणि ‘कुरणशाळा’ सुरू केली. शिवाय, स्थलांतरित पालकांची मुले गावातच राहावीत म्हणून ऊसतोडीच्या भागांत चालवलेली सरकारची हंगामी वसतिगृहे.

हे सगळे वाचून तिने आढाव्यात शेवटी लिहिले की या सर्वांत समाज दिसतो, वाडी दिसते, शाळा दिसते. घरात, चुलीपाशी होणारा निर्णय मात्र दिसत नाही. हे वाक्य मला फार आवडले. मी त्यात काही सुचवले नाही, उगीच बिघडले असते.

यानंतर पद्धती. इथे मुले जड शब्द वापरतात. ‘वर्णनात्मक व विश्लेषणात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब करण्यात येईल.’ म्हणजे नक्की काय करणार? समितीला साधा हिशेब हवा असतो. तिने चार वाड्या निवडल्या आहेत : दोन रस्त्यालगतच्या, जिथे शाळा जवळ आहे, आणि दोन डोंगरातल्या. प्रत्येक वाडीत भट्टीवर जाणारी पंधरा कुटुंबे, म्हणजे साठ. प्रत्येक कुटुंबाला दोनदा भेटायचे, एकदा पावसाळ्यात वाडीवर आणि एकदा हंगामात भट्टीवर. झाल्या एकशेवीस मुलाखती. दिवसभर माणसे कामावर, त्यामुळे भेट संध्याकाळीच. एका संध्याकाळी तीनपेक्षा जास्त घरे होत नाहीत. म्हणजे निव्वळ मुलाखतींना चाळीस दिवस, प्रवास आणि हुकलेल्या भेटी वेगळ्या. याशिवाय शाळांतले हजेरीपट आणि जनरल रजिस्टर पाहायचे. कारण पटावर नाव असणे वेगळे आणि वर्गात मूल असणे वेगळे.

वेळापत्रकाने तिला सगळ्यात जास्त छळले. पहिल्या मसुद्यात तिने लिहिले होते, ‘पहिले सहा महिने अभ्यासक्रम, पुढचे सहा महिने माहिती संकलन’. पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर आधी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. त्यात संशोधन पद्धती आणि प्रकाशनाची नीतिमत्ता हे विषय असतात. समजा प्रवेश ऑगस्टमध्ये झाला. सहा महिन्यांनी फेब्रुवारी उजाडतो. भट्टीचा हंगाम दिवाळीपासून मे अखेरपर्यंत, म्हणजे पहिला हंगाम अर्धा हातचा गेलेला. आणि निर्णय तर होतो हंगामाआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास, मुकादम उचल घेऊन वाडीवर येतो तेव्हा! त्या दिवसांत ती कोल्हापुरात वर्गात बसलेली असणार. तेव्हा तिने वेळापत्रक उलटे मांडले. पहिल्या उन्हाळ्यात दोन भट्ट्यांवर प्राथमिक पाहणी, पावसाळ्यात भात लावणी उरकल्यावर वाड्यांवर पहिल्या मुलाखती, दुसऱ्या वर्षी दसऱ्यापासून वाडीवरच मुक्काम, आणि त्या हंगामात भट्टीवरच्या भेटी. तिसरे वर्ष लेखनाला. नियमाने किमान मुदत तीन वर्षे आणि कमाल सहा, पुढे मुदतवाढीची सोय आहे आणि महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलतही मिळू शकते. पण वसतिगृहाच्या खर्चाने राहणाऱ्या मुलीने सहा वर्षांचा विचार करून चालत नाही.

एक गोष्ट तिने स्वतःहून घातली आणि मला ती महत्त्वाची वाटते. संशोधनात ज्यांची माहिती घ्यायची त्यांची संमती लागते. छापील अर्जावर सही किंवा अंगठा घेतला की झाले, असे बरेच जण मानतात. तिने लिहिले की वाडीतल्या माणसांनी आजवर पुष्कळ कागदांवर अंगठे दिले आहेत आणि त्यांतले बरेच कागद त्यांच्या अंगावर उलटले आहेत. त्यामुळे संमती आधी तोंडी, वाडीच्या बैठकीत, त्यांच्या बोलीत मागायची आणि कागद नंतर. भट्टीमालकाचे किंवा मुकादमाचे नाव कुठेही यायचे नाही, कारण अभ्यास संपल्यावर ती परत कोल्हापूरला येईल, पण त्या कुटुंबाला पुढच्या दिवाळीत त्याच मुकादमाकडून उचल घ्यायची आहे. हा परिच्छेद तिच्या आठ पानांतला सगळ्यात भक्कम परिच्छेद आहे.

ती स्वतः त्याच समाजातली, मग अभ्यास एकतर्फी होणार नाही का, असे मुलाखतीत विचारतील. विचारायलाच हवे. त्याचे उत्तर तिने आराखड्यात आधीच दिले आहे : चार वाड्यांत तिची स्वतःची वाडी नाही.

या पानांवर शेवटचा शब्द आपला नसतो, हेही सांगायला हवे. प्रवेशानंतर संशोधन सल्लागार समिती आराखडा तपासते आणि विषय नक्की करते. शब्द बदलायला लावतात, कधी वाडी बदलायला, कधी निम्मे काम गाळायला. मुले याने खचतात. त्यांना मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सांगतो. १९२० साली ते अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या माणगावची परिषद झाली होती, आणि शाहू महाराजांनी त्यांना मदतही केली होती. १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध दिला. परीक्षकांनी तो फेरफारासाठी परत पाठवला. त्यांनी तो पुन्हा लिहून दिला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्या प्रबंधाचे शीर्षकही पाहण्यासारखे आहे. त्यात रुपयाची समस्या आहे, तिचा उगम आहे आणि तिचा उपाय आहे. जगाचे सगळे अर्थशास्त्र नाही.

आता पैशांचे. आपल्या बंधूंच्या प्रश्नातला खरा काटा तोच होता. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, दरवर्षी ७५० नव्या विद्यार्थ्यांना. परदेशी शिक्षणासाठी याच मंत्रालयाच्या वर्षाला २० शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांतल्या ३ आदिम जमातींसाठी राखीव. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे. म्हणजे एकदा अधिछात्रवृत्ती लागली की ती मुलगी आपल्यावर अवलंबून राहणार नाही, उलट घरी पैसे पाठवील. अडचण मधल्या काळाची आहे. अर्ज, परीक्षा, मुलाखत, प्रवेश, मग अधिछात्रवृत्तीचा अर्ज आणि पहिला हप्ता खात्यात जमा होणे, यात वर्ष सहज जाते. याच वर्षात घरून फोन येतात की आता शिकलीस तेवढे पुरे. मुले गळतात ती बहुतेक इथे, प्रबंध लिहिताना नाही.

त्यामुळे आपली मदत या एका वर्षाला लागते, आणि ती फार मोठीही नसते. राहण्याजेवणाची सोय. पुण्याला ग्रंथालयात आठवडाभर जाण्याचा खर्च. चालू स्थितीतला एक लॅपटॉप. मोबाइलवर आठ पाने लिहिता येतात, पण तळटिपा लावताना जीव जातो. जात वैधता प्रमाणपत्र आणि इतर दाखल्यांसाठी गावी जाण्यायेण्याचे भाडे. आणि मसुदा वाचून ‘हे मला कळले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस. विषयातला तज्ज्ञच हवा असे नाही. तज्ज्ञ माणूस अर्धवट वाक्यही मनातल्या मनात पुरे करून घेतो. ज्याला विषय ठाऊक नाही तो अडखळतो, आणि कुठे अडखळला हेच तर कळायला हवे असते.

एक मदत मात्र करू नये. आराखडा लिहून देऊ नये. पैसे घेऊन लिहून देणारे लोक आहेत, आता मोबाइलवर यंत्राकडूनही दोन मिनिटांत लिहून मिळतो. वाचायला तो छान असतो. पण मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला, “हीच चार गावे का निवडलीत?” म्हटल्यावर, लिहून घेतलेल्या मुलाची मान खाली जाते. शिवाय दुसऱ्याचा मजकूर उचलल्याबद्दल २०१८ पासून आयोगाचे स्वतंत्र नियम आहेत. प्रबंधात ठरावीक प्रमाणापलीकडे साम्य निघाले तर पदवीवर गदा येऊ शकते.

गेल्या रविवारी आम्ही वसतिगृहाच्या सभागृहात मुलाखतीची तालीम घेतली. टेबलामागे चार जण बसलो. मी, एक निवृत्त बँक अधिकारी, पाळकसाहेब, आणि ज्यांनी चहाच्या वेळी प्रश्न विचारला ते बंधू. त्यांना मुद्दाम बोलावले होते. त्यांनी आठही पाने घरी नेऊन वाचली होती, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्यांचे वडील गूळ-गुऱ्हाळाच्या धंद्यातले, त्यामुळे उचल हा शब्द त्यांना नवा नव्हता. बाकीच्यांचे झाल्यावर त्यांनी चष्मा काढून विचारले, “बाई, समजा दोन्ही पोरं मागं ठेवायची असं आईबापानं ठरवलं, तर मुकादम उचल कमी करतो का? आणि करत असेल, तर मग ठरवतंय कोण?”

ती थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हे मी आईला विचारलंच नाही कधी.” आणि खाली वाकून प्रश्नावलीच्या समासात लिहू लागली.

अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. पाने आता साडेआठ झाली आहेत.